चिठ्ठीवरचं चालणं

मार्च महिन्यात आमच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. साखर अजून मधुमेह म्हणावा इतकी वाढलेली नाही, पण हद्दीवर येऊन उभी आहे, असं त्यांनी सांगितलं. आता गोळ्या सुरू होणार, असं आम्ही मनाशी धरलं होतं. बाईंनी छापील कागद काढला, त्यावर आमचं नाव घातलं आणि लिहिलं : भरभर चालणे, तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. खाली सही. आम्ही तो कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये याला ग्रीन प्रिस्क्रिप्शन म्हणतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. काहींच्या फ्रीजवर तो कागद चिकटवलेला आम्ही पाहिलाही आहे. १९९८ सालापासून इथले डॉक्टर औषधासारखा व्यायाम लिहून देऊ लागले. साताऱ्याला आमच्या लहानपणी डॉक्टरांनी नुसतं "चाला" असं सांगून पाठवलं असतं, तर पेशंटने दुसरा डॉक्टर गाठला असता. इंजेक्शन नाही तर तो डॉक्टर कसला! इथे मात्र कागद घेऊन आम्ही मुकाट्याने घरी आलो, तो फ्रीजवर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो. तेरा दिवस चाललो. चौदाव्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला.

वेलिंग्टनच्या वाऱ्यावर दोष ढकलणं सोपं आहे, पण खरं कारण वेगळं होतं. त्या तेरा दिवसांत एकदाही आम्हाला मजा आली नव्हती. घड्याळात बघत चालायचं, पंधरा मिनिटं झाली की गर्रकन वळायचं आणि घरी येऊन कागदावर फुली मारायची. हे चालणं म्हणजे कडू काढा होता. डोळे मिटून घ्यायचा, वर पाणी प्यायचं.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, वय चौऱ्याहत्तर, इथेच जन्मलेले. ते जवळजवळ रोज सायकल काढतात आणि नदीच्या बांधावरून पिटोनीला जातात, मनात आलं तर समुद्राच्या कडेकडेने पार ईस्टबर्नपर्यंत. एकदा ते परत येताना आम्ही कुंपणाशी गाठलं आणि आपल्या पद्धतीने चौकशी केली : "यामुळे तुमचं कोलेस्टेरॉल किती उतरलं?" ते बिचारे बुचकळ्यात पडले. थोडा विचार करून म्हणाले, "आज येताना वारा मागून होता." आम्हाला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनीही तेच उत्तर पुन्हा दिलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. ही माणसं मजेसाठी हिंडतात आणि आपण फायद्यासाठी, असं काही आहे का? पाठीवर बोजा बांधून, चिखल तुडवत, तारारुआच्या डोंगरात दोन-दोन दिवस जायचं, फळीवर झोपायचं, भिजून परत यायचं आणि वर सोमवारी ऑफिसात हसत सांगायचं, याला हे लोक सुट्टी म्हणतात. ट्रॅम्पिंगचा इथला पहिला क्लब, तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब, वेलिंग्टनमध्ये १९१९ साली निघाला. तेव्हा कोलेस्टेरॉल मोजायला कोण बसलं होतं?

आपल्याकडे मात्र फायद्याचा आकडा लागतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मे महिन्यात पावलांची स्पर्धा झाली, ती आठवत असेलच. रोज दहा हजार पावलं, रात्री नऊपर्यंत आकडा टाकायचा. पहिल्या आठवड्यात उत्साहाला भरती आली. दुसऱ्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी (नाव सांगत नाही, त्यांनी आमच्याकडे लाडू पाठवले आहेत) टीव्हीसमोर बसून हात हलवत अडीच हजार पावलं मिळवली. आणखी एका घरात घड्याळ मुलाच्या मनगटावर बांधून त्याला फुटबॉलला पाठवलं गेलं. जून उजाडेपर्यंत गटावर पुन्हा सुप्रभातची फुलं सुरू झाली. गंमत अशी, की हा दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. कानाला बरं वाटलं, आकडा गोल होता, तोच जगभर चिकटला. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण नऊ हजार नऊशेवर अडकून रात्री साडेअकराला दिवाणखान्यात येरझारा घालणारा माणूस आम्ही स्वतः पाहिला आहे. आरशात.

फायद्याची भीती आपल्याला वाटते, तिला आधार आहे, हेही सांगायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून मात्र लोण्याचा गोळा, असा आपला भारतीय देह. त्याच टिपणात त्यांनी मिस्कीलपणे लिहिलं होतं, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती पकडणं. म्हणूनच २०१८च्या इथल्या शिफारशींत हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी दक्षिण आशियाई पुरुषांनी तिसाव्या वर्षापासून आणि बायकांनी चाळिसाव्या वर्षापासून करावी, असं म्हटलं आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांना पंचेचाळीस आणि बायकांना पंचावन्नपर्यंत सवलत. आपल्या तरुण मंडळींनी हे वाक्य परत वाचावं.

तेव्हा फायदा खोटा नाही. अडचण अशी, की तो दिसत नाही. चालल्याचा फायदा काय, तर काही झालं नाही! न आलेला झटका कोणाला दाखवणार? वायकाटो भागात या चिठ्ठ्यांचा अभ्यास झाला, तो २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चाळीस ते एकोणऐंशी वयाची, फारशी हालचाल नसलेली ८७८ माणसं. वर्षाने पाहिलं तर साधारण दहा जणांना चिठ्ठी दिली की एक जास्तीचा माणूस आठवड्याला अडीच तासांच्या व्यायामापर्यंत पोचत होता. डॉक्टर लोकांच्या हिशोबाने हे उत्तम यश आहे. उरलेल्या नऊ जणांत आम्ही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे हा विषय आम्हाला का टोचतो ते कळेल.

आमचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे भोक्ते, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतून सक्तीने घालायला लावायचे. त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघालं होतं. वडिलांना ती सक्ती अशी लागली, की शाळा सुटली, संस्थान विलीन झालं, नोकरी झाली, पेन्शन सुरू झालं, तरी पहाटे सतरंजी अंथरून सूर्याची बारा नावं घेत बारा नमस्कार चुकले नाहीत. आम्ही कॉलेजात असताना शहाणपणा करून विचारलं होतं, "दादा, तुम्हाला यात मजा येते का?" ते म्हणाले, "दात घासताना येते का?" नमस्काराने काय फायदा होतो, हेही त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मजाही नाही, फायदाही नाही. उठायचं, आंघोळ करायची, नमस्कार घालायचे. शहाऐंशी वर्षांचे होऊन गेले.

थोरला भाऊ अगदी उलटा. त्याला नमस्कार म्हणजे शिक्षा. पण संध्याकाळी मैदानावर खो-खोला उतरला की दिवेलागणीपर्यंत घरी यायचा नाही. काय धावायचा! आम्ही खांबापाशी उभे राहून नुसतं त्याला बघायचो. त्याला कोणी 'व्यायाम कर' म्हटलं असतं तर हसला असता. पंचविशीत नोकरी लागली, लग्न झालं, मैदानावर नवी पोरं आली आणि त्याचा खेळ सुटला. खेळ सुटला तसं सगळंच सुटलं, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं. मजेशिवाय पळायचं कसं, हे तो शिकला नव्हता. २००९ साली मध्यरात्री इथे फोन वाजला. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. विमान पकडून आम्ही पोचेपर्यंत दोन दिवस झाले होते. त्या वेळी आमचे दादा सत्त्याहत्तरचे होते. तेराव्यानंतरच्या सकाळी आम्ही उठलो, तर ते सतरंजी अंथरत होते.

म्हणून 'मजा हवी, मजा असली की सगळं होतं' असं कोणी सांगितलं की आम्हाला ते पुरतं पटत नाही. आणि 'शिस्त हवी' म्हटलं की तेरा दिवस आठवतात. आमच्यात दादांची शिस्त उतरली नाही, भावाचे पायही नाहीत. आमच्यासारख्यांचं काय?

याचं उत्तर आम्हाला ऑगस्टमध्ये, नायनायच्या एका हॉलमध्ये अर्धंमुर्धं मिळालं. श्रावणातली मंगळागौर. इथला श्रावण म्हणजे ऐन थंडी. हॉलमधले हीटर कुरकुरत होते, बायका नऊवारीखाली लोकरीचे पायमोजे घालून आल्या होत्या. आमच्या सौ.ना पोचवायला गेलो आणि खुर्च्या लावायला म्हणून अडकलो. तिथे टायटाच्या एक वहिनी आहेत. त्यांचा गुडघा दोन वर्षं दुखतोय, फिजिओने दिवसातून दहा-दहा वेळा करायला सांगितलेले व्यायाम त्या करत नाहीत, हे साऱ्या मंडळाला माहीत आहे, कारण त्याच सगळ्यांना सांगतात. या वहिनींनी सुरुवातीला खुर्ची धरली. झिम्मा सुरू झाला, त्या बसून टाळ्या देत होत्या. पिंग्याला उठल्या. पुढे कोणीतरी हात पुढे केला आणि वहिनी फुगडीत! फेर धरणं, वाकणं, कोंबडा, किस बाई किस, दोन तास चाललं होतं. आमच्या मुलीच्या मनगटावरच्या घड्याळाने मध्येच विचारलं म्हणे, व्यायाम चालू आहे का, नोंद करू का? ती इथे वाढलेली. तिने आम्हाला येऊन विचारलं, "बाबा, हा व्यायाम आहे का?" आम्ही सौ.कडे बघितलं. त्या घामाने डबडबल्या होत्या आणि त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला. म्हटलं, गुडघा कसा आहे? "दुखतोय," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी जरा लवकर सुरू करू या." सगळ्यांच्या गुडघ्याला हे मानवेल असं आम्ही म्हणत नाही, फिजिओंनी आम्हाला पत्र लिहू नये. पण आपल्या आज्या-पणज्यांनी श्रावणात हे काय करून ठेवलं होतं, ते आम्हाला पन्नाशी उलटल्यावर परदेशातल्या हॉलमध्ये दिसलं. वारीचंही तेच. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या म्हातारीला विचारा, तुम्ही वजन कमी करायला निघालात का? ती तुमच्या तोंडाकडे बघत राहील, आमच्या शेजारच्या आजोबांसारखी.

यात सोबत ही एक गोष्ट आहे. ती मजाही आणते आणि दादांच्या सतरंजीचं कामही करते, कारण दुसरं माणूस वाट बघत असलं की उठावं लागतं. जॉगिंग जगभर पसरलं तेही असंच, आणि ते याच देशातून. ऑकलंडचे आर्थर लिडियर्ड. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने १९६० साली रोमला ८०० मीटरचं आणि १९६४ साली टोकियोला ८०० नि १५०० अशी दोन्ही सुवर्णपदकं मारली. पण आम्हाला लिडियर्डचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. त्यांनी पोट सुटलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या मध्यमवयीन माणसांना घोळक्याने, गप्पा मारत हळूहळू पळायला लावलं. बोलता येईल इतकंच पळायचं, धाप लागली तर वेग कमी करायचा. १९६२च्या अखेरीला बिल बाउअरमन हे अमेरिकन प्रशिक्षक इथे आले आणि त्या घोळक्याबरोबर पळायला गेले. वयाने पन्नाशीचे, स्वतःला धडधाकट समजणारे. त्यांना मागे टाकून सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा पुढे गेला! बाउअरमन घरी परतले ते जॉगिंगचं वेड घेऊन, आणि १९६७ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक अमेरिकेत तडाखेबंद खपलं. पुढे नायकी कंपनी काढणाऱ्या दोघांतले एक तेच. म्हणजे तुमच्या-आमच्या पायातल्या बुटांचं मूळ ऑकलंडच्या गप्पिष्ट घोळक्यात आहे म्हणायचं.

आणि आपलं लोअर हटही मागे नाही बरं का. लंडनला २००४ साली तेरा माणसांनी सुरू झालेलं पार्करन न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा आलं ते आपल्या गावात, हट नदीच्या काठाने, ५ मे २०१२ रोजी. शनिवारी सकाळी आठ वाजता पाच किलोमीटर, पैसे नाहीत, शर्यत नाही, पळा नाहीतर चाला. आम्ही इतकी वर्षं त्याच वेळी त्याच नदीकाठी भाजीबाजारात कोथिंबीर निवडत होतो आणि ही माणसं का पळतात म्हणून आश्चर्य करत होतो.

मंगळागौरीनंतरच्या शनिवारी मुलीने आम्हाला नेलं. आम्ही चाललो. पहिल्या किलोमीटरला मुलगी पुढे निघून गेली, तेव्हा जरा एकटं वाटलं. मग एक मलेशियन बाई शेजारी आल्या, त्यांच्याही फ्रीजवर तीच चिठ्ठी आहे. दोघांनी मिळून आपापल्या साखरेचे आकडे सांगितले, मुलांची गाऱ्हाणी केली, मांगूरचं कालवण आणि चिंचेचा कोळ यावर आलो तोवर वळायची जागा आली. या प्रकारात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, त्यामुळे कोणीच शेवटचं येत नाही. ही युक्ती ज्याने काढली त्याला माणसाच्या मनाची जाण असली पाहिजे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ती असती, तर आम्ही कदाचित खेळाडू झालो असतो. असो. आम्ही त्या स्वयंसेवकाच्या बरोबर एक पाऊल पुढे होतो.

भावाला हे आवडलं असतं, असं परतताना वाटलं. त्याला अठ्ठेचाळीसव्या वर्षीही धावता आलं असतं, फक्त कोणी 'खो' द्यायला हवा होता. साताऱ्यात त्या वयाच्या माणसाने अर्धी चड्डी घालून मैदानात उतरायची सोय नव्हती, लोक हसले असते. आम्हीही हसलो असतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेलो. साखर थोडी खाली आली आहे. फार नाही, पण हद्दीपासून दोन पावलं मागे सरली आहे. बाईंनी विचारलं, "चालता का?" आम्ही म्हटलं, हो. त्यांनी ते टिपून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "आवडतं का?" या प्रश्नाची आमची तयारी नव्हती. जरा थांबून आम्ही म्हणालो, "वारा मागून असला तर."

आता घड्याळं पुढे गेली आहेत. शनिवारी पावणेआठला आम्ही नदीकाठी असतो. सध्या आपली चार घरं आहेत, टायटाच्या वहिनी पकडून साडेचार, कारण त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरतात आणि आमच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवतात. थर्मासमध्ये आल्याचा चहा असतो. बिनसाखरेचा. ज्यांना साखर चालते त्यांनी आपली पुडी आणावी.